पेले आणि गोळ्या : एका साधनाचे विवेचन

प्रथम संज्ञा निश्चित करू. ‘साधन’ म्हणजे तीन पेले व काही लहान गोळ्या. ‘प्रयोग’ म्हणजे गोळीचे प्रत्यक्ष स्थान प्रेक्षकाच्या अनुमानाहून सतत भिन्न राहील, अशा क्रमाने केलेला त्या साधनाचा उपयोग. प्रयोगाचे सामर्थ्य साधनात आहे की क्रमात, हा येथील प्रश्न होय.

प्रयोगाच्या इतिहासाच्या तीन अवस्था मानता येतात. (१) उल्लेखाची : इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन तत्त्वज्ञ सेनेका आपल्या एका पत्रात वाट्या व खडे यांच्या खेळाचा दाखला देतो. कृती कळताच आपले कुतूहल संपते, असे त्याचे म्हणणे. ग्रीक लेखक अल्किफ्रॉनच्या पत्रांतही हा खेळ येतो. इजिप्तमधील बेनी हसन येथील भित्तिचित्र याच खेळाचे असल्याचे सांगतात. परंतु ते विवाद्य असल्याने प्रमाण धरता येत नाही. (२) स्पष्टीकरणाची : १५८४ मध्ये रेजिनाल्ड स्कॉट याने चेटूकविषयक ग्रंथात हातचलाखीच्या कृती उलगडल्या, १६३४ च्या ‘होकस पोकस ज्युनियर’ या पुस्तकात प्रस्तुत प्रयोगाची कृती छापून आली. (३) परिष्काराची : एकोणिसाव्या शतकात बॉस्को आणि विसाव्या शतकात डाय व्हर्नन या जादूगारांनी प्रयोगास रंगमंचीय घाट दिला.

साधनाचे मुख्य प्रकार दोन. (१) उंच धातूचा पेला : याचा तळ आत दबलेला असतो, म्हणून पालथ्या पेल्यावर गोळी स्थिर राहते, बाहेरील कड्यामुळे एकावर एक ठेवलेल्या पेल्यांत गोळीपुरती पोकळी उरते. (२) भारतीय गारुड्याचा उथळ पेला : याच्या माथ्यावर गाठ असते. ती तर्जनी व मध्यमा यांत धरली की बोटांच्या मुळाशी दडवलेली कापडी गोळी पेला टेकवता टेकवता आत सरकते. पहिल्यात सोय पेल्याच्या घडणीत आहे, दुसऱ्यात पकडीत.

दोन्ही प्रकारांत प्रयोगाची अंगे मात्र तीनच आहेत. (१) धारण : रिकाम्या भासणाऱ्या हातात गोळी राखणे. (२) स्थापन : पेला उचलताना किंवा ठेवताना ती नकळत आत सोडणे. (३) आघाडी : प्रेक्षक तीन गोळ्या मोजतो, वस्तुतः चार असतात, त्यामुळे प्रेक्षक ज्या क्षणी गोळीच्या हालचालीची वाट पाहतो, त्यापूर्वीच ती हालचाल झालेली असते. अखेरीस पेल्याखालून लिंबू निघते. तेही याच न्यायाने : उघड झालेल्या गोळीकडे दृष्टी वळते, त्याच क्षणी दुसऱ्या पेल्यात लिंबू जाते.

यावरून निष्कर्ष असा की, साधन गौण असून क्रम प्रधान आहे. याची कसोटी पेन व टेलर या अमेरिकन जादूगार जोडीने घेतली. त्यांनी पारदर्शक पेले वापरले. गोळी दिसते, तरी तिची ये-जा दृष्टीतून निसटते. म्हणूनच हे साधन करमणुकीपुरते मर्यादित न राहता अवधानाच्या अभ्यासास उपयोगी पडले. २०१३ मध्ये ‘पीअरजे’ या नियतकालिकात याच जोडीच्या प्रयोगावर संशोधन प्रसिद्ध झाले.

ज्यास ही कला शिकावयाची आहे, त्याने महाग साधन शोधू नये. घरातील तीन सारखे पेले व कागदाच्या चार गोळ्या आरंभास पुरेशा आहेत.