कल्याणचे आटपाट नगर

आटपाट नगर होते. तेथे एक राजा होता. राजाला सर्व काही होते. परंतु पोटी संतान नव्हते. अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या कहाण्या आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेल्या आहेत. त्या नगराचा ठावठिकाणा कोणी विचारीत नाही आणि राजाची कारकीर्द किती साली सुरू झाली, याची चौकशीही कोणी करीत नाही. आज मी आपणापुढे जी कहाणी ठेवणार आहे, तिच्या नगराला मात्र नाव आहे, गाव आहे आणि सनही आहे. बिदर जिल्ह्यातील कोहिनूर हे गाव ज्या तालुक्यात मोडते, त्याचे मुख्य ठिकाण बसवकल्याण. नऊशे वर्षांपूर्वी हे कल्याण पश्चिम चालुक्यांची राजधानी होते. आणि तेथील दरबारात बसून एका कवीने आपल्या धन्याची हकीकत आटपाट नगराच्या घाटावर रचली.

हा कवी या मुलखातला नव्हता. बिल्हण त्याचे नाव. काश्मिरातील प्रवरपूर, म्हणजे आजचे श्रीनगर, त्याच्याजवळील खोनमुख गावी तो जन्मला. मथुरा, कनोज, प्रयाग, काशी अशी ठिकाणे करीत, चेदीच्या कर्णराजाकडे काही काळ राहून, गुजरात आणि सोमनाथ पाहून तो दक्षिणेस सेतूपर्यंत गेला. आणि अखेरीस कल्याणास येऊन स्थिरावला. तेथे चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याने त्यास ‘विद्यापती’ ही पदवी दिली. या आश्रयाची उतराई म्हणून त्याने अठरा सर्गांचे ‘विक्रमांकदेवचरित’ हे संस्कृत महाकाव्य लिहिले. पुढे हे काव्य विस्मृतीत गेले. 1874 साली जेसलमेरच्या जैन ग्रंथभांडारात जॉर्ज ब्यूलर या जर्मन पंडितास त्याची ताडपत्रावरील प्रत सापडली, आणि 1875 साली ते मुंबईस छापले गेले.

आता कहाणी ऐका. कल्याणनगरीत आहवमल्ल सोमेश्वर नावाचा पराक्रमी राजा होता. त्याला पुत्र नव्हता. राजाराणीने शंकराची कठोर उपासना केली. तेव्हा आकाशवाणी झाली की, तुला तीन पुत्र होतील; दोघे तुझ्या कर्माने होतील, परंतु मधला माझ्या प्रसादाने होईल. त्याप्रमाणे सोमेश्वर, विक्रम आणि जयसिंह असे तीन पुत्र झाले. मधला सर्वांत तेजस्वी. बापाच्या मनात त्यालाच युवराज करावयाचे होते. पण मुलगा म्हणाला, वडील भाऊ असताना मला हा मान नको. पुढे बापाला असाध्य ज्वर जडला आणि त्याने तुंगभद्रेच्या पात्रात देह ठेवला. थोरला गादीवर बसला आणि बिघडला; मद आणि संशय यांनी त्याची बुद्धी फिरली. मधला भाऊ धाकट्याला बरोबर घेऊन घराबाहेर पडला. त्याने परमुलखात पराक्रम केले आणि चोळ राजाची कन्या वरली. अखेर थोरला शत्रूशी हातमिळवणी करून चालून आला. मधल्याला भावावर शस्त्र उचलवेना, तेव्हा स्वप्नात येऊन शंकराने आज्ञा केली. लढाई झाली, थोरला बंदीत पडला. मधल्याने त्याला पुन्हा गादीवर बसविण्याचे मनात आणले. तेव्हा शंकर रागावला, आणि नाइलाजाने विक्रमाने राज्याभिषेक करवून घेतला.

कहाणीला राजकन्या हवी, तीही आहे. कऱ्हाडच्या शिलाहार राजाची मुलगी चंद्रलेखा हिचे स्वयंवर मांडले गेले. चेदीचा, कनोजचा, माळव्याचा, पांड्यांचा, चोळांचा असे देशोदेशीचे राजे सिंहासनांवर बसले आहेत. प्रतिहारी एकेकाचे गुण सांगत पुढे जाते. राजकन्या एकेकाला ओलांडीत येते आणि शेवटी विक्रमाच्या गळ्यात माळ घालते. कालिदासाच्या रघुवंशातील इंदुमतीचे स्वयंवर ज्यांनी वाचले असेल, त्यांना हा सारा थाट ओळखीचा वाटेल. जुन्या कथेला नवा साज चढवून ती आपल्या राजाच्या अंगावर घालावी, ही युक्ती बिल्हणाने उघडपणे केली आहे. राजाचे नावही त्याला अनुकूलच होते. कारण उज्जयिनीचा विक्रम आणि त्याच्या खांद्यावरचा वेताळ यांच्या गोष्टी तेव्हाही नव्या नव्हत्या.

येथवर कहाणी झाली. आता दगडांकडे वळू. सुदैवाने चालुक्यांच्या काळातील शिलालेख या मुलखात विपुल आहेत. बापाचा 1068 सालचा तुंगभद्रेतील देहत्याग लेखांवरूनही सिद्ध होतो. थोरला सोमेश्वर 1068 ते 1076 पर्यंत राज्य करीत होता आणि 1076 साली, म्हणजे शके 998 मध्ये, विक्रमादित्य गादीवर आला, हेही निश्चित आहे. चंदलदेवी नावाची राणी लेखांतही भेटते. स्वयंवराची गोष्ट मात्र निराळी. अकराव्या शतकात राजघराण्यांचे विवाह ठरत ते बहुतेक राजकारणावरून. आणि कऱ्हाड व कोल्हापूरकडचे शिलाहार आपल्या बाजूस असणे नव्या राजाला किती सोयीचे होते, हे सांगावयास नको.

परंतु खरा प्रश्न स्वयंवराचा नाही. तो दोन भावांचा आहे. थोरला दुष्ट होता, याचा साक्षीदार कोण? एकटा बिल्हण, आणि तो तर विजयी भावाच्या पदरी होता. सोमेश्वराच्या स्वतःच्या कारकीर्दीतील लेखांत या दुष्टपणाचा मागमूस नाही. उलट विक्रमादित्य त्याच्या हाताखाली प्रांतांचा कारभार पाहत असल्याचे त्यांत दिसते. त्याहून बोलका पुरावा शत्रूच्या घरचा आहे. चोळ राजा वीरराजेंद्र याच्या लेखांत अशी फुशारकी आहे की, आपण सोमेश्वरास हुसकावले आणि पायांशी आलेल्या चालुक्य विक्रमादित्याच्या गळ्यात राजचिन्हाची कंठी बांधली. म्हणजे थोरला गादीवर बसून फार काळ लोटला नव्हता, तोच मधला भाऊ घराण्याच्या परंपरागत वैऱ्याकडे गेलेला होता. शत्रूशी संधान बांधल्याचा जो आरोप कहाणी थोरल्यावर करते, तो मधल्यालाही चुकत नाही. शत्रूचा लेख तेवढा खरा आणि कवी तेवढा खोटा, असे अर्थात म्हणता येणार नाही. फुशारकी दोहोंकडे आहे. पण दोन्ही शेजारी शेजारी ठेवले म्हणजे कोणती गोष्ट झाकली जात आहे, ते ध्यानात येते.

मग बिल्हणाचे काव्य टाकाऊ समजावे काय? मला तसे वाटत नाही. श्रोतेहो, त्या कहाणीत शंकराला किती वेळा यावे लागते, ते पाहा. जन्माच्या वेळी तो येतो, लढाईच्या आधी येतो, लढाईनंतरही रागावून येतो. ज्या राज्यावर आपला हक्क निर्विवाद आहे, ते घेण्यासाठी देवाला इतके हेलपाटे घालावे लागत नाहीत. भाऊबंदकीचा डाग धुण्याची गरज दरबाराला वाटत होती, म्हणूनच आकाशवाणीची योजना झाली. हे काव्य 1076 साली काय घडले याचा पुरावा म्हणून लंगडे असेल. परंतु घडले त्याविषयी लोकांना काय वाटत होते, आणि राजाला काय ऐकावयाचे होते, याचा त्याहून चांगला पुरावा दुसरा मिळणार नाही. भावाचे राज्य बळकावणे हे त्या काळी सर्रास चालत असेल. पण ते चांगले कोणी मानीत नव्हते. कहाणीने हे सत्य झाकता झाकताच सांगून टाकले आहे.

याच कल्याणात त्याच राजाच्या आश्रयाने आणखी एक ग्रंथ लिहिला गेला: विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’. पुढे इंग्रजी अमदानीत बंगालखेरीज बहुतेक हिंदुस्थानात हिंदूंचे वाटणीचे आणि वारशाचे खटले या ग्रंथाच्या आधारे निकालात निघत. त्यात विज्ञानेश्वर म्हणतो की, थोरल्याला अधिक वाटा देण्याची रीत शास्त्रात असली तरी लोकांस ती नकोशी झालेली आहे, म्हणून भावांत समान वाटणी करावी. घरादाराची वाटणी पंडिताने अशी सोपी करून दिली. राज्याची वाटणी होत नाही. तिची मीमांसा कवीकडे आली, आणि त्याने ती देवावर सोपविली.

विक्रमादित्याने पुढे पन्नास वर्षे राज्य केले. शकाची गणना बाजूस सारून त्याने स्वतःच्या नावाचा संवत सुरू केला. ज्या धाकट्या जयसिंहाने त्याला साथ दिली होती, त्यानेही काही वर्षांनी बनवासीकडून बंड केले. बिल्हण तेही सांगतो; फक्त या वेळी विजयी भाऊ पराभूताचे गोड शब्दांनी सांत्वन करतो. थोरल्याचे पुढे काय झाले, हे मात्र तो सांगत नाही. बंदीत पडल्यानंतर सोमेश्वर काव्यातूनही नाहीसा होतो आणि लेखांतूनही. साऱ्या कहाणीत मला सर्वांत अस्वस्थ करणारी जागा ही आहे.

बिल्हणाने रचलेली ही परीकथा काश्मिरातही उलटून आली. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’त अशी हकीकत आहे की, काश्मीरचा राजा हर्ष याने कर्नाटकाधिपती पर्माडी, म्हणजे आपला विक्रमादित्यच, याच्या चंदला राणीचे चित्र पाहिले आणि तो वेडावला. तिला मिळवीन आणि पर्माडीला उखडून टाकीन, अशी प्रतिज्ञा त्याने भर सभेत केली. चित्र पाहून प्रेमात पडणारा राजपुत्र गोष्टीत शोभतो. कल्हणाने मात्र त्याची थट्टाच केली आहे. बिल्हणाने राजाला कहाणीत बसविले होते. हर्ष स्वतःच्या पायांनी तीत शिरावयास निघाला. हाच तो फरक.

हुमनाबादजवळ जलसंगी येथे चालुक्यकालीन देवालयाच्या बाह्य भिंतीवर एक सुंदर स्त्रीमूर्ती आहे. ती पाठमोरी वळून एका फलकावर काही लिहीत आहे. ती अक्षरे केवळ शोभेची नाहीत. ती वाचता येतात, आणि तीत विक्रमादित्याची स्तुती आहे. कोहिनूर, बसवकल्याण, हुमनाबाद या बाजूस कोणी गेलेच, तर त्या मूर्तीपुढे क्षणभर थांबावे. येथील लोक मराठी बोलोत वा कानडी, ते राजाराणीच्या गोष्टी सांगतच मोठे झालेले आहेत. त्या गोष्टी टाकून देऊ नयेत. त्या आवडीने सांगाव्यात. फक्त सांगून झाल्यावर, बंदीत पडलेल्या थोरल्या भावाचे पुढे काय झाले, असे एखाद्या मुलाने विचारले, तर त्याला गप्प करू नये. इतिहास त्या प्रश्नापासून सुरू होतो.