होटगी-गदग लोहमार्ग आणि दुष्काळी साहाय्य : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :
दक्षिण सोलापूर तालुक्यातील होटगी हे गाव रेल्वे जंक्शन म्हणून सर्वपरिचित आहे. तथापि या जंक्शनचे मूळ दुष्काळात आहे, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. आपत्तीच्या काळात शासनाने कोणाला हमी दिली, कोणाला कर्ज दिले आणि कोणाला केवळ मजुरी दिली, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात होटगीच्या संदर्भात केला आहे.

दुष्काळ आणि लोहमार्ग :
१८७६-७८ च्या दुष्काळाने सोलापूर व तत्कालीन कलादगी (विजापूर) जिल्हे होरपळून निघाले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० मध्ये सोलापूरपर्यंत व १८७१ मध्ये रायचूरपर्यंत पोहोचली होती. मात्र लोहमार्गापासून दूर असलेल्या दक्षिणेकडील गावांत धान्य बैलगाडीनेच न्यावे लागे आणि चारा-पाण्याअभावी बैलच मरत होते. १८८० च्या दुष्काळ आयोगाने संरक्षक लोहमार्गांचा पुरस्कार केला. १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली व होटगी-गदग हा मीटरगेज मार्ग १८८४ मध्ये वाहतुकीस खुला झाला. कंपनीच्या भांडवलाला सरकारी व्याजहमी होती. म्हणजेच दुष्काळनिवारणातील भांडवली जोखीम सार्वजनिक तिजोरीने पत्करली.

शेतकऱ्याच्या वाट्याला तगाई :
याच सुमारास १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज कायदा व १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा संमत झाला. पहिल्यानुसार विहीर, बांधबंदिस्ती यांसाठी व दुसऱ्यानुसार बी-बियाणे, बैल यांसाठी तगाई मिळू लागली. परंतु तगाई हे कर्ज होते. तिची वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे होत असे. भागधारकाला व्याजाची शाश्वती, शेतकऱ्याला परतफेडीचे ओझे आणि भूमिहीनाला दुष्काळी कामावरील खडी फोडणे, अशी ही त्रिस्तरीय व्यवस्था होती. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांतही तिचा साचा फारसा बदलला नाही.

स्वातंत्र्योत्तर बदल :
१९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने १९७७ चा रोजगार हमी कायदा केला आणि मजुराच्या कामाला हक्काचे स्वरूप दिले. शेतकऱ्याच्या बाबतीत कर्जाची जागा क्रमाने अनुदानाने घेतली. केंद्राच्या २०१५ च्या निकषांनुसार ३३ टक्के वा अधिक पीकहानीसाठी कोरडवाहू क्षेत्राला हेक्टरी ६,८०० व ओलिताच्या क्षेत्राला १३,५०० रुपये मिळू लागले. २०२२ मध्ये हे दर अनुक्रमे ८,५०० व १७,००० रुपये झाले. २०२५ च्या अतिवृष्टीत सीना नदीच्या पुराने सोलापूर जिल्ह्याचे अतोनात नुकसान झाले. त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य शासनाने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले.

निष्कर्ष :
तगाईपासून अनुदानापर्यंतचा प्रवास निश्चितच महत्त्वाचा आहे. मात्र पीकहानीच्या मदतीचे एकक आजही माणूस नसून हेक्टर आहे. ओलिताच्या शेताला कोरडवाहूच्या जवळपास दुप्पट रक्कम मिळते, तर सातबाऱ्यावर नाव नसलेला वाटेकरी व शेतमजूर या अनुदानाबाहेरच राहतो. ज्याची हानी कागदावर मोजता येते त्यालाच मदत पोहोचते, हे १८८४ च्या व्यवस्थेतील तत्त्व अद्याप संपुष्टात आलेले नाही. होटगीचे जंक्शन त्याची साक्ष देत उभे आहे.