प्रक्षेपित वस्तूची उंची आणि वर्गसमीकरण

वर फेकलेली वस्तू कोणत्या क्षणी किती उंचीवर असेल, हे वर्गसमीकरणाने काढता येते. वस्तू सुटण्याच्या जागेची उंची प, सुरुवातीचा ऊर्ध्व वेग व, गुरुत्वीय त्वरण ग आणि गेलेला काळ क मानला, तर त्या वेळची उंची उ अशी मिळते:

उ = प + व × क − (ग × क² ÷ २)

काळाचा वर्ग येथे येतो तो गुरुत्वाकर्षणामुळे. पडणाऱ्या वस्तूने कापलेले अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे सोडून पडताळले. तिरप्या फेकीचा मार्ग अन्वस्त असतो, हे त्याने १६३८ साली लायडनला छापलेल्या ग्रंथात सिद्ध केले.

१५ मीटर उंच गच्चीवरून सेकंदाला १० मीटर वेगाने चेंडू सरळ वर फेकला आणि ग सोयीसाठी १० धरला (प्रत्यक्षात सुमारे ९.८), तर उ = १५ + १०क − ५क². एका सेकंदाने वेग शून्य होतो. तेव्हाची २० मीटर ही कमाल उंची. १८.७५ मीटर उंची ०.५ आणि १.५ सेकंदाला, म्हणजे चढताना व उतरताना अशी दोनदा मिळते. २५ मीटरसाठी विवेचक ऋण येतो: चेंडू तिथवर पोहोचतच नाही.

जमिनीसाठी उ = ० घेतल्यास क² − २क − ३ = ०; मुळे ३ आणि −१. विद्यार्थी दुसरे मूळ मुकाट्याने खोडतात, पण ते अगदीच निरर्थक नाही. फेकीच्या एक सेकंद आधी जमिनीवरून सेकंदाला २० मीटर वेगाने उडवलेला चेंडू गच्चीजवळून नेमक्या याच वेगाने गेला असता. त्याचा तो निघण्याचा क्षण म्हणजे −१. गच्चीवरून सुटलेल्या चेंडूला मात्र असा आधीचा प्रवास नाही, म्हणून उत्तर ३ सेकंद.

कोणते मूळ ठेवायचे हे प्रसंगावरून ठरवण्याची रीत जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या बाराव्या शतकातील ग्रंथात माकडांच्या कळपाचे एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तितकी माकडे गुहेत गेली. एक बाहेर दिसते. मुळे ५० आणि ५. पाच घेतल्यास वर्गापूर्वीची संख्या ऋण होते, म्हणून भास्कराचार्य ते नाकारतात.

सूत्रात हवेचा विरोध धरलेला नाही. जड गोळ्याला ते बऱ्यापैकी लागू पडते, बॅडमिंटनच्या फुलाला मुळीच नाही. इंजिन चालू असलेल्या रॉकेटलाही ते लावता येत नाही; इंधन संपल्यावर, तेही फार उंच जायचे नसेल तर, चालते. चंद्रावर हवेची अडचण नाही आणि ग केवळ १.६ आहे. पृथ्वीवर सुमारे ५ मीटर चढणारा वरचा चेंडू तिथे सुमारे ३१ मीटर चढेल.