'टोंगा ५६' टोंगाला का गेली नाही?

ताहिती, फिजी, टोंगा. शिडाच्या बोटीने प्रशांत महासागरातली ही बेटं भटकायची, हे जगभरच्या हौशी दर्यावर्दींचं स्वप्न. आता गंमत बघा. कमांडर दिलीप दोंदे ज्या 'म्हादेई'तून एकट्याने जग फिरून आले, तिच्या डिझाइनचं नावच 'टोंगा ५६'. आणि टोंगा मात्र त्या प्रवासात लागलंच नाही!

थोडी पार्श्वभूमी. भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांचा. २००६ मध्ये नौदलातले दोंदे तयार झाले. ५६ फुटी बोटीचे आराखडे व्हॅन द स्टाट या डच कंपनीचे, बांधणी रत्नाकर दांडेकरांची, गोव्यात दिवाडीला. दिवाडी हे मांडवीतलं बेट, म्हणजे ही 'टोंगा'सुद्धा जन्मली बेटावरच!

दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० ला परतले. मधे चारच थांबे: फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केप टाऊन. यातलं लिटलटन न्यूझीलंडमध्ये. टोंगा तिथून उत्तरेला, अडीच हजार किलोमीटरहून थोडं जास्त. मग एवढ्या जवळ जाऊन वाट वाकडी का केली नाही?

पहिलं कारण वारा. टोंगाच्या पट्ट्यात व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात. म्हणून बेटं बघणारे पनामा कालव्यातून येतात आणि वारा पाठीशी घेऊन पश्चिमेला जातात. दोंदेंना जायचं होतं उलट, पूर्वेला. ते वारे मिळतात चाळीस अंश दक्षिणेच्या खाली, जिथे थंडी आणि डोंगराएवढ्या लाटा.

दुसरं कारण कॅलेंडर. आपल्या माहीमचे कोळी पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन पुन्हा निघतात. २००९ ची नारळी पौर्णिमा ५ ऑगस्टला होती, म्हणजे दोंदे त्यानंतर दोन आठवड्यांनी निघाले. टोंगाकडचा 'पावसाळा' नोव्हेंबर ते एप्रिल, चक्रीवादळांचा. दक्षिणेतला उन्हाळाही नेमका तेव्हाच, आणि केप हॉर्नला वळसा घालायचा तर तोच काळ त्यातल्या त्यात बरा. एका मोसमात दोन्ही साधत नाही.

तिसरं कारण नियम. नर्मदा परिक्रमेत नदी ओलांडायची नाही. तसंच सागर परिक्रमेत कालवा वापरायचा नाही, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, किमान २१,६०० सागरी मैल कापायचे. पनामा बंद म्हटल्यावर बेटांची सोयीची वाट आपोआपच बंद.

पण हा सगळा खटाटोप कशासाठी? दोंदेंनी सुरुवातीचे धडे गिरवले ते रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे. १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा करणारे हे पहिले. त्यांची ३२ फुटी 'सुहैली' १९६४ मध्ये आपल्या मुंबईत, इथल्याच सुतारांनी सागवानात बांधली होती. म्हणजे लाकूड आपलं, हात आपले, नाव दुसऱ्याचं. आयटीवाल्यांना ही कथा नवीन नाही! तिथून दोंदेंपर्यंत यायला चाळीस वर्षं लागली. कौशल्य होतं, पण 'आपला माणूस आपल्या बोटीतून' हा हट्ट धरणारं कुणीतरी लागतं. तो आवटींनी धरला.

पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी याच 'म्हादेई'तून कुठेही न थांबता फिरून आले. दांडेकरांनीच बांधलेल्या, त्याच डिझाइनच्या 'तारिणी'तून २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकारी गेल्या आणि २०२४-२५ मध्ये दोघीच. चार प्रदक्षिणा, दोन 'टोंगा' बोटी आणि टोंगाला एकदाही नाही.

असो. प्रदक्षिणेत बाहेरूनच फिरायचं असतं. पण चार झाल्या की गाभाऱ्यात डोकवायला हरकत नसावी. विक्रम-बिक्रम काही नाही, नुसतं भटकायला.