घोड्याची झूल आणि गोमाशी

घोड्याची झूल म्हटली म्हणजे जरतार, गोंडे आणि मिरवणूक डोळ्यांसमोर उभीं राहतात. परंतु माशांच्या दिवसांत घोड्यावर घालावयाची साधी जाळीदार झूल ही मिरविण्याची वस्तु नव्हे. तिचें खरें मोल समजण्यास बराच काळ लागला. आणि त्या शोधाची वाट हिंदुस्थानांतून गेली.

१८८० सालीं त्या वेळच्या पंजाबांतील डेरा इस्माइलखान येथें घोडे व उंट एका रोगानें झिजून मरत होते. ताप येई, उतरे, पुन्हा येई. जनावर खात असतांहि वाळत जाई. लोक त्यास ‘सर्रा’ म्हणत. पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांनीं आजारी जनावरांचें रक्त सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें, तों त्यांत वळवळणारे जंतु दिसले. रोगाचें मूळ हेंच, असें त्यांनीं सांगितलें. पण तशाच प्रकारचे जंतु निरोगी उंदरांतहि आढळले असल्यानें तें मत अनेकांना पटलें नाहीं. १८८५ मध्यें जे. एच. स्टील यांनीं त्या जंतूस इव्हान्स यांचें नांव दिलें. हेच स्टील पुढें १८८६ सालीं मुंबईच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. गोमाशी हा रोग एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेते, हें लिओनार्ड रॉजर्स यांनीं १९०१ मध्यें दाखवून दिलें.

गोमाशीचा दंश फार झोंबतो. घोडा शेपटी झाडतो. माशी अर्ध्या पोटीं उडते आणि रक्तानें ओली झालेली सोंड घेऊन शेजारच्या घोड्यावर बसते. म्हणजे एकाची शेपटी दुसऱ्याचा घात करते! माशी हांकण्यापेक्षां तिला चावूंच न देणें श्रेयस्कर, तें याकरितां.

म्हणून झूल निवडतांना विणीकडे पाहावें. ती वारा खेळेल इतकी विरळ, पण अंगापासून थोडी सुटी राहील अशी ताठ असावी. अंगास चिकटलेल्या जाळींतून सोंड सहज शिरते. मान, पोट व शेपटीचें मूळ झांकलें जावें. खांद्यावर मात्र घांसूं नये. रंगाचेंहि महत्त्व आहे. इंग्लंडांत झालेल्या व २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, काळ्या वा पांढऱ्या झुलीपेक्षां झेब्र्यासारख्या पट्ट्यांच्या झुलीवर गोमाशा पुष्कळच कमी उतरल्या. उघड्या डोक्यावर मात्र त्या सारख्याच बसल्या. तेव्हां डोळ्यांवर निराळी जाळी हवी.

झूल रोज उतरवून खरारा करावा, अंगावर कोठें घांसलें आहे काय तें पाहावें, आणि घामानें भरलेली झूल धुवून पुरती वाळवावी. आजारी जनावर वेगळें बांधण्याची व रक्त तपासण्याची गरज झुलीनें संपत नाहीं. पण फाटलेला टांका त्याच दिवशीं घालावा. इव्हान्स यांनीं ज्या शत्रूस रक्तांत पाहिलें, त्यास आंत शिरण्यास तेवढें छिद्र पुरेसें असतें.