मोबाईलवर धंद्याचा व्हिडिओ कसा बनवायचा? व्ह्यूजसोबत ऑर्डरही आणणारी सोपी पद्धत

जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्राम रील्स आलं आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूब शॉर्ट्स. तेव्हापासून किराणा दुकान, शिवणक्लास, घरगुती फराळ, नर्सरी असे सगळेच उभे छोटे व्हिडिओ टाकू लागले. पण एक तक्रार सगळीकडे ऐकू येते, "व्ह्यूज येतात, पण ऑर्डर येत नाही."

असं का होतं आणि त्यावर उपाय काय, हे आज आपण एकच उदाहरण धरून बघूया. उदाहरण आहे कोल्हापुरी चप्पल बनवून विकणाऱ्याचं. तुमचा धंदा दुसरा असला तरी पद्धत हीच.

आधी अडचण समजून घ्या

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय टॅग मिळाला. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. पण मोबाईलच्या स्क्रीनवर हातानं शिवलेली चप्पल आणि मशिनवर निघालेली स्वस्त नक्कल जवळपास सारखीच दिसते. मग गिऱ्हाईक किंमत बघतं आणि स्वस्त ती उचलतं.

म्हणजे कारागिराच्या व्हिडिओचं खरं काम एकच, फोटोत न दिसणारा फरक दाखवणं. ट्रेंडिंग गाण्यावर चप्पल गोल फिरवली तर हे काम होत नाही.

एक व्हिडिओ, एक प्रश्न

विषय शोधायला कुठं जायची गरज नाही. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमधले मागच्या महिन्याचे चॅट उघडा आणि गिऱ्हाइकांनी विचारलेले प्रश्न वहीत लिहा. चपलेच्या बाबतीत ते साधारण असे असतील:

- खरं चामडं आहे कशावरून?
- पायाला चावते का?
- पावसात चालेल का?
- ऑनलाइन माप कसं द्यायचं?
- इतकी महाग का?

हे पाच प्रश्न म्हणजे पाच व्हिडिओ झाले. सगळी उत्तरं एकाच व्हिडिओत कोंबू नका. ज्याच्या मनात मापाची शंका आहे, त्याला मापाचाच व्हिडिओ पाठवता आला पाहिजे. कागदावर पाऊल ठेवा, पेन्सिलनं आखा, टाचेपासून अंगठ्यापर्यंत पट्टीनं मोजा आणि फोटो पाठवा, असं करून दाखवलं की रोज तेच टाइप करत बसायचं काम वाचतं.

३० सेकंदांची स्क्रिप्ट

शूटिंगच्या आधी चार ओळी लिहून काढा. "खरी हातशिवण कशी असते" या व्हिडिओची स्क्रिप्ट अशी होईल:

- ० ते ३ सेकंद: चपलेची कड कॅमेऱ्याजवळ. "ही शिवण दोऱ्याची नाही, चामड्याच्या वादीची आहे."
- ३ ते १५ सेकंद: कारागिराचे हात, वादी ओवताना. बोलणं कमी, काम जास्त.
- १५ ते २५ सेकंद: "पावसात मात्र ही घालू नका. भिजली तर सावलीत वाळवा."
- २५ ते ३० सेकंद: किंमत, उपलब्ध मापं आणि "व्हॉट्सअ‍ॅपवर माप पाठवा."

सुरुवातीला "नमस्कार, आमच्या पेजवर तुमचं स्वागत आहे" किंवा फिरणारा लोगो टाकू नका. तेवढ्यात बघणारा पुढे सरकलेला असतो. आणि तिसरी ओळ पुन्हा वाचा. आपल्या मालाची मर्यादा आपणच सांगितली की बाकीच्या बोलण्यावरही विश्वास बसतो. शिवाय पावसाळ्यात परत येणाऱ्या चपलांचं भांडणही टळतं.

किंमत लपवून "डीएम करा" लिहिणं टाळा. किंमत विचारायला संकोच वाटणारे बरेच असतात, ते न विचारताच निघून जातात.

शूटिंग: महागडं काही लागत नाही

- लेन्स पुसा. खिशातल्या फोनची लेन्स बोटांच्या डागांनी भरलेली असते. धूसर व्हिडिओचं निम्मं कारण हेच.
- मागचा कॅमेरा वापरा, फोन उभा धरा (९:१६).
- उजेड खिडकीचा घ्या. खिडकी तुमच्या पाठीमागे नको, वस्तूवर उजेड पडेल अशी हवी.
- आवाज चित्राइतकाच महत्त्वाचा. पंखा बंद करा, वायरवाल्या इयरफोनचा माइक कॉलरजवळ लावा.
- फोन हातात हलत असेल तर डब्याला टेकवून ठेवा.

बरेच जण व्हिडिओ आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून मुख्य वाक्यं स्क्रीनवर मराठीत लिहा. अक्षरं मधल्या भागात ठेवा, कारण खाली कॅप्शन आणि उजवीकडे लाइक-शेअरची बटणं येतात. एडिटिंगला यूट्यूब क्रिएट किंवा इन्स्टाग्रामचं एडिट्स ही अ‍ॅप पुरेशी आहेत.

३० सेकंदच का?

शॉर्ट्स आता ३ मिनिटांपर्यंत चालतात, रील्सही ३० सेकंदांपेक्षा मोठ्या चालतात. पण गूगल बिझनेस प्रोफाइलवर व्हिडिओची मर्यादा ३० सेकंद आणि ७५ एमबी आहे. "जवळचं चप्पल दुकान" असं शोधणारा माणूस तुमची गूगल प्रोफाइलच बघतो. ३० सेकंदात बसवलं की तोच व्हिडिओ रील्स, शॉर्ट्स, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस आणि गूगल अशा चारही ठिकाणी जातो.

व्ह्यूजच्या आकड्याला भुलू नका

३१ मार्च २०२५ पासून यूट्यूब शॉर्ट्सची मोजणी बदलली आहे. शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा वाजला की व्ह्यू धरला जातो, किमान अमुक सेकंद बघायची अट नाही. म्हणजे १०,००० व्ह्यूजमध्ये नुसतं सरकवून गेलेलेही आले. त्यापेक्षा हे बघा:

- यूट्यूबच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये "एंगेज्ड व्ह्यूज" आणि लोक कुठल्या सेकंदाला निघून गेले तो आलेख. पहिल्या ३ सेकंदांत घसरण असेल तर सुरुवात बदला.
- इन्स्टाग्रामवर सेव्ह आणि शेअर. "नंतर घेऊ" म्हणणारे सेव्ह करतात.
- तुमची स्वतःची वही. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारा, "आमचं नाव कुठं बघितलं?" ८०० व्ह्यूजच्या व्हिडिओनं ६ ऑर्डर दिल्या, तर धंद्यासाठी तोच हिट.

या दोन चुका महागात पडतात

१. कुठलंही गाणं लावणं. बिझनेस अकाउंटला सिनेमाची सगळी गाणी वापरता येत नाहीत. कॉपीराइटमुळे आवाज बंद होऊ शकतो किंवा व्हिडिओ हटू शकतो. मेटा साउंड कलेक्शन किंवा यूट्यूब ऑडिओ लायब्ररीतलं संगीत घ्या. नाहीतर हातोडीची ठकठक तशीच ठेवा, तिच्यापेक्षा खरा आवाज कुठला?

२. खोटा दावा. तळ रबराचा असेल तर "१०० टक्के चामडं" म्हणू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि धंद्याची रीलसुद्धा जाहिरातच असते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

चेहरा दाखवावाच लागतो का?
नाही. हात, वस्तू आणि तुमचा आवाज एवढ्यावर उत्तम व्हिडिओ होतो.

मराठीत बोलू की हिंदीत?
गिऱ्हाईक ज्या भाषेत विचारतं त्या भाषेत. गावोगावचं गिऱ्हाईक असेल तर तुमच्या रोजच्या बोलीत बोला. पार्सल राज्याबाहेर जात असेल तर हिंदी सबटायटल जोडा.

रोज टाकायचा का?
गरज नाही. आठवड्याला दोन टाका, पण खंड पडू देऊ नका. आणि मेसेज आला की लगेच उत्तर द्या. व्हिडिओ बघून विचारणाऱ्याला दोन दिवस थांबवलं, तर तो दुसरीकडे घेऊन मोकळा होतो.

तर मित्रांनो, आज फक्त एवढंच करा: चॅट उघडा, सगळ्यात जास्त वेळा आलेला एक प्रश्न निवडा आणि त्याचं उत्तर ३० सेकंदांत करून दाखवा. तुमच्या ओळखीत कुणी छोटा धंदा करत असेल तर हा लेख त्यांना नक्की पाठवा.