वाळूज आणि मलिकंबराची नहर

शहरे राजाज्ञेने वसतात की व्यापाराच्या ओढीने, या वादात इतिहासकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. औरंगाबादचा, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरचा, चारशे वर्षांचा वृत्तांत चाळताना आम्हांस मात्र त्याहून साधा एक प्रश्न सारखा समोर येत राहिला. या वस्तीचे पाणी कोणी मोजले, आणि ते वस्ती बसण्यापूर्वी मोजले की बसल्यानंतर? शहरालगत, अहिल्यानगरमार्गे पुण्यास जाणाऱ्या रस्त्यावर वाळूज आहे. तेथे या प्रश्नाचे उत्तर आजही दिले जात आहे, आणि ते समाधानकारक नाही.

मलिकंबराने १६१० च्या सुमारास खडकी या खेड्याच्या जागी निजामशाहीची राजधानी उभारली. हा हबशी पुरुष गुलामांच्या बाजारातून वर आलेला. त्याच्या गनिमी युद्धाची व जमीनमहसुलाची चर्चा आपल्याकडे बरीच झाली, पण त्याच्या नळांची त्या मानाने फारच थोडी. १६१६ साली रोशनगावच्या लढाईनंतर मोगली फौजांनी खडकी उद्ध्वस्त केली. तरी ती पुन्हा वसली. ती वसू शकली याचे श्रेय तटबंदीपेक्षा आम्ही नहरीस अधिक देतो. शहराच्या उत्तरेकडील डोंगराच्या पायथ्याशी भूगर्भात झिरपणारे पाणी बांधीव भुयारांत गोळा करावयाचे, केवळ उताराच्या बळावर ते गावात आणावयाचे, वाटेत ठिकठिकाणी उसासे ठेवून आतला गाळ काढण्याची सोय करावयाची, अशी ती योजना. ना रहाट, ना मोट. पुढे अठराव्या शतकात याच जातीच्या एका नहरीच्या पाण्यावर बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याजवळ पाणचक्की फिरू लागली. यात्रेकरू व फकीर यांच्यासाठी तेथे धान्य दळले जाई. तेथील उंच भिंतीवरून हौदात पडणारे पाणी पाहून मुले आश्चर्य करतात, आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांनाही ते वर कसे चढले हे सांगता येतेच असे नाही.

मलिकंबराचे युग आदर्श होते असा आमचा दावा नाही. त्याला जेवढ्या लोकांची तहान भागवावयाची होती ती आजच्या एखाद्या उपनगराइतकीही नसेल. पण झऱ्याची ताकद किती आणि शहर केवढे, यांचा मेळ त्याच्या मनात होता. १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दक्षिणेचा सुभेदार होऊन आला व त्याने शहरास आपले नाव दिले. त्यानंतर वाढलेल्या वस्तीसाठीही नव्या नहरी काढाव्या लागल्या. वस्ती वाढली की नवा झरा शोधावयाचा, हा क्रम तेव्हा सुटला नव्हता.

तो विसाव्या शतकात सुटला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. रेल्वे स्टेशनाजवळ, मग चिकलठाण्यास आणि पुढे वाळूजला कारखान्यांचे भूखंड पडले. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्यामागोमाग सुटे भाग करणाऱ्यांची रांग लागली. मराठवाड्याच्या कोरडवाहू खेड्यांतला तरुण प्रथमच घरापासून एका दिवसाच्या अंतरावर पगाराची नोकरी पाहू लागला. हे उपकार लहान नव्हेत. १९७१ साली पावणेदोन लाखांच्या आत असलेले शहर २०११ च्या शिरगणतीत पावणेबारा लाखांवर गेले. पाणी आले ते पैठणच्या जायकवाडी धरणातून, जे १९७६ मध्ये पुरे झाले. नाथसागर शहराच्या पुष्कळ खाली आहे, म्हणून वीज जाळून ते वर चढवावे लागते. नहर उतरत येत होती. आताचे पाणी चढत येते, आणि त्या चढणीचे मोल दररोज द्यावे लागते. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्याच्या कारखान्यांचे पाणी निम्मे आणि पुढे त्याहूनही अधिक कापले, तेव्हा धरण कोणाचे हा वाद प्रथमच सर्वांच्या तोंडी झाला.

वाळूजची खरी अडचण मात्र नळाहूनही खोल आहे. भूखंड आखले गेले, रस्ते रुंद झाले, बजाजनगर बसले. सिडकोनेही पुढे वाळूज महानगराचा आराखडा घेतला. परंतु हंगामी कामगार राहावयास गेला तो रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी या गावांतील चाळींत. शेतकऱ्याने गुंठ्यागुंठ्याने जमीन विकली, घेणाऱ्याने खोल्या बांधल्या, एकेका खोलीत चौघे राहिले. वडगाव कोल्हाटीस शिरगणतीने नगर मानले, कारण तेथील बहुतेक पुरुष शेतीबाहेर पोट भरतात. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा राहिला. ज्या भाडेकरूचे नाव मतदारयादीत नाही आणि घरपट्टीच्या वहीतही नाही, त्याच्या सांडपाण्याची चिंता कोणी वाहावी? ते खाम नदीकडे वाट काढते.

अभ्यासकांचे काम येथे लागते. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ असलेले स्कॉच पंडित पॅट्रिक गेडिस १९१४ साली हिंदुस्थानात आले, कितीतरी शहरांतून पायी हिंडले, आणि १९१९ पासून मुंबई विश्वविद्यालयात समाजशास्त्राचे अध्यापन करू लागले. त्यांचा आग्रह असा की आधी पाहणी, मग निदान, आणि त्यानंतरच आराखडा. जुने तळे बुजविण्यापूर्वी ते कशाच्या उपयोगी आहे हे तरी विचारा. हा धडा महाराष्ट्राने अगदीच वाया घालविला असे नाही. धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे पुणे शहराची पाहणी करविली. तिचा पहिला भाग १९४५ साली व दुसरा १९५२ साली प्रसिद्ध झाला, आणि १९५६ मध्ये सोवनी प्रभृतींनी फेरपाहणीही मांडली. इरावतीबाई कर्वे यांनी सहकाऱ्यासह फलटणसारख्या लहान वाढत्या गावावर व भोवतालच्या मुलुखावर १९६५ साली ग्रंथ काढला. या ग्रंथांत घरोघर जाऊन विचारलेली माहिती आहे: कुटुंब कोठून आले, खोलीचे भाडे किती, कमावते किती.

वाळूजला आम्हांस हेच हवे आहे, आणि तेही पाण्यासकट. आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांवरून छपरे मोजता येतात. त्या छपराखाली पाळीपाळीने निजणारी माणसे मोजता येत नाहीत. टँकर कोणत्या दिवशी येतो, हंडा कोण भरते, विंधणविहीर कोणत्या महिन्यात आटते, हे प्रश्न ज्या आराखड्यात नाहीत तो रंगीत नकाशा आहे, इतकेच.

याच परिसरातील पाटोदा या गावाने आपल्यापुरती एक वहिवाट पाडली आहे. भास्करराव पेरे-पाटील यांच्या कारकिर्दीत नावाजलेल्या या ग्रामपंचायतीने असा नियम केला की जो कर वेळेवर भरील त्याचे दळण गिरणीत फुकट दळून मिळेल. कर भरावयाचा तर घर वहीत असले पाहिजे, आणि घर वहीत आले की त्याचा नळही मोजला जातो.